क्रिस्टियन किवू: बचावपटू ते इंटरचा कोच. उडी की पायऱ्या?

लिबेरो_जुना
सप्टेंबर २०२५ मधली आयाक्सविरुद्धची मॅच पाहून हा धागा काढतोय. जून २०२५ मध्ये इंटरने (मिलान शहरातला क्लब; नुसतं 'मिलान' म्हणजे त्याच शहरातला प्रतिस्पर्धी क्लब) सिमोने इन्झागीच्या जागी किवूला आणलं, तेव्हा इटलीतली निम्मी वर्तमानपत्रं 'फक्त १३ मॅचचा अनुभव' हेच घोकत होती. आकडा खरा आहे. वरिष्ठ संघाचा कोच म्हणून त्याच्या नावावर पार्माच्या १३ लीग मॅचेस होत्या, बाकी काही नाही. आणि ज्या संघाचा ताबा मिळाला तो ३१ मे रोजी म्युनिकमध्ये चॅम्पियन्स लीगच्या फायनलला पीएसजीकडून ०-५ हरून आलेला.

माझं मत असं की १३ हा आकडा फसवा आहे. किवू खेळाडू म्हणून सेंटर बॅक, लेफ्ट बॅक, राष्ट्रीय संघात मिडफिल्डर आणि एका मोठ्या रात्री चक्क डावा विंगर होता. इतक्या जागा फिरलेला माणूस मैदान वेगळ्या नजरेने वाचतो. त्याच्या कोचिंगमध्ये हा बचावपटू कुठे दिसतो, यावर जाणकारांनी लिहावं. नुसतं 'इंटर भारी, मिलान फालतू' नको, त्याला दुसरे धागे आहेत.

तिफोसी_ठाणे
पहिला! मिलान फालतूच.

डावा_पाय
धागाकर्त्यांशी बराचसा सहमत. आधी कारकीर्द रुळावर मांडतो, म्हणजे पुढची चर्चा सोपी जाईल.

जन्म २६ ऑक्टोबर १९८०, रेशित्सा. रुमानियाच्या नैऋत्येकडचं पोलादाचं गाव. वडील मिर्चा किवू तिथल्याच क्लबचे खेळाडू आणि नंतर कोच. ते १९९८ मध्ये वारले, त्याच वर्षी मुलगा उनिवेर्सितातेया क्रायोवाकडे आणि १९९९ मध्ये आयाक्सकडे. आयाक्समध्ये रोनाल्ड कूमनच्या हाताखाली कर्णधार, २००१-०२ ला लीग आणि कप दोन्ही. २००३ मध्ये रोमा, २००७ मध्ये इंटर. इंटरमध्ये तीन लीग आणि २०१० ची चॅम्पियन्स लीग. मार्च २०१४ मध्ये करार आपसात संपवला, पायाच्या बोटाचं दुखणं शेवटपर्यंत पाठ सोडत नव्हतं. रुमानियासाठी ७५ सामने, ३ गोल.

आता मुद्दा. डावखुरा सेंटर बॅक एवढा महाग का असतो? तीन किंवा चारच्या रांगेत डावीकडे उजव्या पायाचा माणूस उभा केला की चेंडू घेताना त्याचं अंग आत वळतं. पास मग मध्ये तरी जातो, नाहीतर गोलीकडे परत. प्रेस करणाऱ्याला, म्हणजे चेंडू हिसकायला अंगावर धावून येणाऱ्याला, तेच हवं असतं. डाव्या पायाचा माणूस तोच चेंडू बाहेरच्या पायावर घेतो, अंग मैदानाकडे उघडं राहतं आणि लाइनवरच्या विंगबॅकला (कडेने पुढेमागे धावणाऱ्या खेळाडूला) सरळ पास मिळतो. एका पावलाचा फरक, पण त्या पावलात प्रेस तुटतो. आयाक्सने त्याला कर्णधार केलं ते टॅकलिंगवर भाळून नव्हे, या पासवर. आज बास्तोनी इंटरमध्ये जे करतो त्याची जुनी आवृत्ती म्हणजे किवू.

गोलपोस्ट_मागे
डावा_पाय, पहिला मोठा गोल विसरलात! युरो २०००, २० जून, शार्लरुआ. इंग्लंडविरुद्ध डावीकडून टाकलेला क्रॉस, कोणाच्याही पायाला न लागता दूरच्या पोस्टला लागून आत. सीमन दुखावलेला म्हणून गोलमध्ये मार्टिन होता. तो गोल ठरवून मारला असं किवूचा सख्खा भाऊही म्हणणार नाही, पण वय होतं १९ आणि रुमानियाचा मोठा खेळाडू हाजी निलंबित होता. मॅच रुमानियाने ३-२ जिंकली, ८९ व्या मिनिटाला गानेयाच्या पेनल्टीवर.

सौ_ऑफसाइड
त्या पेनल्टीसाठी फाउल करणाऱ्या इंग्लंडच्या फिल नेव्हिलचे आभार कोण मानणार?

कातेनाच्यो
थोडं थंड पाणी ओततो. 'अनेक जागी खेळला म्हणून चांगला कोच' हे तर्कट मला पटत नाही. मग झानेत्ती जगातला सर्वोत्तम कोच व्हायला हवा होता, तो क्लबचा उपाध्यक्ष झाला. बहुगुणी खेळाडूला अनेकदा कोच नुसता भोक बुजवायला वापरतो. किवूचंही तेच झालं. रोमात पहिल्या वर्षी कापेल्लोच्या संघात सॅम्युएलच्या शेजारी उत्तम खेळला. इंटरमध्ये लुसिओ आणि सॅम्युएल ही जोडी जमल्यावर तो डावीकडे सरकवला गेला, कारण दुसरं कोणी नव्हतं. लेफ्ट बॅक म्हणून तो वेगात कमीच पडायचा.

लिबेरो_जुना
वेगात कमी पडायचा हे मान्य. पण म्हणूनच तर माद्रिदची चॅम्पियन्स लीग फायनल पुन्हा बघा, २२ मे २०१०. समोर बायर्न म्युनिकचा रॉबेन.

डावा_पाय
हो, आणि ती केस शिकवण्यासारखी आहे, म्हणून सविस्तर.

रॉबेन उजव्या विंगवरचा डावखुरा. त्याला आत यायचं असतं. हळू बचावपटूने त्याच्याशी शर्यत लावायचीच नाही. तीन गोष्टी कराव्या लागतात. एक, त्याच्या डाव्या पायासमोर, म्हणजे सरळ रेषेपेक्षा अर्धं पाऊल आतल्या बाजूला उभं राहायचं, अंग तिरकं, म्हणजे त्याला लाइनचा रस्ता उघडा दिसतो. दोन, तरीही तो आत आलाच तर तुमच्या मागे पाच-सहा मीटरवर एक मिडफिल्डर तयार हवा. त्या रात्री ते काम कांबियास्सोचं. तीन, पुढचा विंगर परत यायला हवा, नाहीतर त्यांचा राइट बॅक लाम मागून धावत येतो आणि तुम्ही एकटे दोघांत सापडता.

बिघडतं कुठे? तिसऱ्या कलमात. पुढचा माणूस दोन सेकंद उशिरा आला की लेफ्ट बॅककडे फाउलशिवाय पर्याय उरत नाही. किवूला पहिल्या अर्ध्यातच पिवळं कार्ड मिळालं. पिवळं कार्ड घेऊन रॉबेनसमोर उरलेला वेळ काढणं म्हणजे आत्महत्या. कोच मोरिन्योने ६८ व्या मिनिटाला त्याला काढून स्तान्कोविच आत घेतला आणि झानेत्तीला लेफ्ट बॅकला आणलं. दोनच मिनिटांत मिलितोचा दुसरा गोल, विषय संपला.

हे सगळं आतून अनुभवलेला माणूस कोच झाल्यावर विंगबॅकला 'तू एकटा सांभाळ' असं सांगत नाही. आधी कव्हर कोणाचं ते ठरवतो.

कातेनाच्यो
कव्हर प्रत्येक कोच ठरवतो हो. कोव्हेर्चानोच्या (इटलीतलं कोच घडवणारं केंद्र) पहिल्या वर्गात शिकवतात. बाकी फायनलचं विश्लेषण फक्कड.

मेंटल_ब्लॉक
मला त्याहून बार्सिलोनाची रात्र महत्त्वाची वाटते. २८ एप्रिल २०१०, सेमीफायनलचा दुसरा लेग. पान्देव वॉर्मअपमध्ये दुखावला आणि किवूला त्याच्या जागी म्हणजे डाव्या मिडफिल्डला टाकलं. २८ व्या मिनिटाला इंटरचा मोत्ता लाल कार्डावर बाहेर. मग तासभर दहा जणांनी, पुढे कोणीच नसल्यासारखा बचाव. ८४ व्या मिनिटाला पिकेचा गोल, पण एकूण ३-२ ने इंटर पुढे.

दहा जणांत डावीकडे झानेत्ती आणि त्याच्या पुढे किवू, म्हणजे एकाच बाजूला दोन लेफ्ट बॅक. पहिला बाहेर निघाला की दुसरा आत येतो, न बोलता. खरा विंगर तिथे असता तर चेंडूकडे धावला असता आणि मागे भोक पडलं असतं.

तिफोसी_ठाणे
आणि हे सगळं हेल्मेट घालून.

वैद्य_विंगबॅक
हेल्मेटवरून. ६ जानेवारी २०१०, वेरोना, किएव्होविरुद्ध लीग मॅच. हेडरला उडताना पेलिसिएरशी डोकं आदळलं. कवटीचं फ्रॅक्चर, हाड आत दबलेलं. असं फ्रॅक्चर नुसत्या चिरेपेक्षा वेगळं असतं: दबलेला तुकडा मेंदूच्या आवरणाला टोचू शकतो म्हणून शस्त्रक्रिया करून तो वर उचलावा लागतो. त्याच दिवशी वेरोनात ऑपरेशन झालं. मार्चअखेर तो लिव्होर्नोविरुद्ध परत खेळला, म्हणजे साधारण अकरा आठवडे.

ते शिरस्त्राण गोली पेत्र चेकसारखंच, रग्बीतल्या मऊ टोपीच्या जातीचं. फुटबॉलच्या नियम ४ प्रमाणे मऊ आणि हलक्या साहित्याचं संरक्षण चालतं, कडक कवच चालत नाही. एक गैरसमज मात्र दूर करावा: अशी टोपी डोकं फुटण्यापासून, टाक्यांपासून आणि जुन्या फ्रॅक्चरच्या जागेवर थेट मार बसण्यापासून बरीच वाचवते. मेंदूला बसणारा धक्का ती थांबवत नाही, कारण तो डोकं अचानक थांबल्याने बसतो. त्यामुळे 'टोपी आहे म्हणून निर्धास्त' असं कुठल्याही मुलाला सांगू नये.

सौ_ऑफसाइड
उपयुक्त प्रतिसाद. टोपीसह त्याने एप्रिलमध्ये अटलांटाविरुद्ध गोलही मारला, बार्सिलोनाच्या चार दिवस आधी. इंटरसाठी लीगमधला पहिला. टोपीचा गुण म्हणावा काय!

कातेनाच्यो
सगळी आरतीच चाललीय, तर दुसरी बाजूही येऊ द्या. फेब्रुवारी २०११, बारीच्या मार्को रोस्सीला चेंडू नसताना ठोसा. रेफरीने पाहिला नाही, टीव्हीच्या चित्रणावरून चार मॅचची बंदी. मॅचनंतर कॅमेऱ्यासमोर डोळ्यांत पाणी आणून माफी मागितली, ते बरं केलं. २ एप्रिलला मिलान डर्बीत लाल कार्ड, ०-३. तीन दिवसांनी शाल्केविरुद्ध घरच्या मैदानावर पुन्हा लाल, २-५. चार दिवसांत दोन मोठ्या मॅच. वय तीस, पाय मंदावलेले, आणि मंद बचावपटू हात वापरतो. हेसुद्धा त्याच्या शिक्षणातच धरा.

डावा_पाय
धरतो की. शाल्केच्या मॅचमध्ये लिओनार्दो कोच होता आणि बचावाची रांग इतकी वर, मिडफिल्ड इतकं पसरलेलं की सेंटर बॅकला प्रत्येक वेळी ४० मीटर मागे धावायला लागत होतं. मंद सेंटर बॅकसाठी याहून वाईट रचना नाही. आणि आता मजा बघा: आज इंटरचा कोच म्हणून तो स्वतःच रांग वर सरकवतोय! यावर मी नंतर येतो.

फातोर्डाकर
अवांतर, पण गोंयकाराला राहवत नाही. त्या २०१० च्या इंटर बचावातले दोघे आमच्या फातोर्ड्याला आमनेसामने आले होते. २० डिसेंबर २०१५, आयएसएल फायनल. लुसिओ एफसी गोवाकडून, मातेरात्सी चेन्नईयनचा कोच. ९० व्या मिनिटापर्यंत गोवा २-१ पुढे होतं, शेवटी चेन्नईयन ३-२.

बालेवाडी_स्टँड
त्याच हंगामात पुण्याकडून आद्रियान मुतू खेळला, कोच डेव्हिड प्लॅट. किवूचा रुमानिया संघातला सोबती. युरो २००८ मध्ये इटलीविरुद्ध गोल मारला तो मुतूनेच, आणि त्याच मॅचमध्ये पेनल्टी घालवली तीही मुतूनेच. ती बुफॉनने अडवली म्हणा. मॅच १-१. किवू त्या स्पर्धेत बचावात नव्हता, मिडफिल्डमध्ये रांगेच्या पुढे होता. फ्रान्सविरुद्ध ०-० ही त्याच रचनेने.

फातोर्डाकर
म्हणजे पुणेकरांनी पेनल्टी घालवणारा निवडला. चालायचंच.

बालेवाडी_स्टँड
फायनल घालवण्यापेक्षा बरं.

लिबेरो_जुना
मंडळी, धागा म्हात्रे पुलावर पोचायच्या आत परत या. कोच म्हणून काय?

प्रिमावेरा_फॅन
मी येतो, कारण १३ मॅचवाल्यांना इथेच उत्तर आहे. किवू २०१८ पासून इंटरच्या युवा विभागात. अंडर-१४ पासून सुरुवात, एकेक वयोगट वर, आणि २०२१ ते २०२४ प्रिमावेरा, म्हणजे क्लबचा सर्वात वरचा युवा संघ. २०२१-२२ ला प्रिमावेराचं विजेतेपद, फायनलमध्ये रोमावर २-१, जादा वेळेत. म्हणजे सहा वर्षं कोचिंग. नाव झालेल्या माजी खेळाडूंपैकी फार थोडे अंडर-१४ पासून चढत येतात. बहुतेकांना थेट मोठी खुर्ची हवी असते.

प्रिमावेराची अडचण बाहेरच्यांना कळत नाही. संघ तुमचा नसतोच. वरिष्ठ संघाला सरावासाठी माणसं लागली की सकाळी फोन येतो आणि तुमचे तीन जण जातात. चांगला निघाला की विकला जातो. कासादेई विजेतेपदानंतर त्याच उन्हाळ्यात चेल्सीला गेला. दर जुलैला नवा संघ बांधायचा. इथे डावपेचांच्या जाड वह्या चालत नाहीत, थोड्याच गोष्टी शिकवता येतात: पहिला स्पर्श कुठल्या पायावर, चेंडू गेल्यावर पहिल्या पाच सेकंदांत कोण कुठे, पासनंतर उभं न राहणं. मोठ्या संघात अचानक आल्यावर हीच सवय कामाला येते, कारण तिथेही हंगामात सरावाला वेळ नसतो.

आणि फळ लगेच दिसलं. क्लब वर्ल्ड कपमध्ये उरावाविरुद्ध शेवटच्या क्षणी गोल वालेन्तिन कार्बोनीचा, रिव्हर प्लेटविरुद्ध कोंडी फोडणारा गोल पिओ एस्पोसितोचा. दोघेही त्याच्या प्रिमावेराचे.

कातेनाच्यो
आणि नंतर फ्लुमिनेन्सेकडून ०-२, तेही लिहा. तिसऱ्याच मिनिटाला कानोचा गोल, बाकी वेळ इंटर भिंतीवर डोकं आपटत.

प्रिमावेरा_फॅन
लिहिलं असतं, तुम्ही आहातच की त्यासाठी.

मेंटल_ब्लॉक
पार्माचं बघू. १८ फेब्रुवारी २०२५ ला पेक्कियाच्या जागी आला. पहिली मॅच बोलोन्याविरुद्ध, २-०. १३ मॅचेसमध्ये ३ विजय, ७ बरोबरी, ३ पराभव, १६ गुण. पार्मा १६ वा, वाचला.

सात बरोबरींना हसू नका. तळाच्या संघाचा रोग हा की पिछाडीवर गेल्यावर तो फुटतो. किवूने आधी तीन सेंटर बॅक आणि दोन विंगबॅक अशी रचना बसवली, म्हणजे चेंडू नसताना पाचची रांग. फायदा हा की विंगबॅक बाहेर गेला तरी मागे तीन उरतात. तोटा हा की पुढे दोघेच, त्यामुळे चेंडू टिकत नाही. त्यावर उपाय पेल्लेग्रिनोसारखा उंच स्ट्रायकर, लांब चेंडू छातीवर घेऊन दोन सेकंद धरणारा. युव्हेंटसला १-० हरवलं ते त्याच्याच हेडरवर. नापोलीला ०-० वर रोखलं. शेवटच्या दिवशी अटलांटाकडे ०-२ मागे असताना ३-२ जिंकले. फुटणारा संघ हे करत नाही.

सौ_ऑफसाइड
आणि खुद्द इंटरला! ५ एप्रिल, इंटर २-० पुढे, शेवट २-२, बेर्नाबे आणि ओन्द्रेय्का. लीग नापोलीने ८२ विरुद्ध ८१ अशी एका गुणाने जिंकली. ज्याने दोन गुण खाऊन लीग घालवली त्यालाच इंटरने नोकरी दिली. असा इंटरव्ह्यू कोणाचा झाला नसेल.

तिफोसी_ठाणे
हाहाहा. ताई, दंडवत.

गोलपोस्ट_मागे
त्याला जोडून: २००३ च्या क्वार्टरफायनलला कर्णधार किवूचं आयाक्स सान सिरोवर २-२ करून पुढे जाणार होतं, ९० मिनिटांनंतर फिलिप्पो इन्झागीने चेंडू गोलीवरून उचलला, टोमासनने ढकलला, मिलान ३-२. बावीस वर्षांनी त्याच इन्झागीच्या धाकट्या भावाची खुर्ची किवूला मिळाली.

कातेनाच्यो
योगायोग पुरे. या हंगामावर या. तोरिनोला ५-०, मग घरी उदिनेसेकडून १-२, मग युव्हेंटसकडून ३-४. रांग वर घेतली, प्रेस आक्रमक केला आणि गोल खाल्ले. डावा_पाय, तुम्ही 'नंतर येतो' म्हणाला होतात.

डावा_पाय
आलो. इन्झागीच्या ३-५-२ मध्ये प्रतिस्पर्ध्याला आपल्या अंगावर येऊ द्यायचं आणि मागून सफाईदार बाहेर पडायचं, असा खाक्या होता. किवूने आकृती तीच ठेवली, पण चेंडू गेला की प्रेस वरच. त्यासाठी बाजूचे सेंटर बॅक आपला माणूस धरून मिडफिल्डपर्यंत बाहेर पडतात. यात तीन अटी आहेत. बाहेर पडणाऱ्याने प्रतिस्पर्धी वळायच्या आत पोचायचं. पाठीमागे मधल्या सेंटर बॅकने त्या बाजूला सरकायचं. लांबच्या विंगबॅकने आत येऊन चौथा व्हायचं. एकाने चुकवलं की गोलीसमोर सरळ रस्ता. आचेर्बीच्या वयात मधून दोन्हीकडे सरकणं जड जातं, म्हणून अकांजीला आणलं असावं, असा माझा कयास.

पण युव्हेंटसचे चार गोल एकेक करून बघा. केलीचा कॉर्नरनंतर. यिल्दिझचा बॉक्सबाहेरून. केफ्रेन थुरामचा फ्रीकिकवर हेडर. अजिचचा ९१ व्या मिनिटाला पुन्हा बॉक्सबाहेरून. एकही गोल वर घेतलेल्या रांगेच्या मागे धावून झालेला नाही. दोन सेट पीस, दोन लांबून. लांबून गोल होतात कारण मिडफिल्ड मागे पळताना बॉक्सच्या तोंडाशी न थांबता रांगेतच घुसतं, आणि मारणाऱ्यासमोर कोणी उरत नाही. हा दोष दुरुस्त होण्यासारखा आहे.

कातेनाच्यो
हे मान्य. चार गोलांचं वर्गीकरण मी केलं नव्हतं, सरसकट रांगेवर ढकललं. तरी उदिनेसेची मॅच राहतेच. तिथे पेनल्टीनंतर संघ गडबडला आणि कोचकडे दुसरी योजना दिसली नाही. तळाच्या संघात दुसरी योजना म्हणजे आणखी एक बचावपटू. इंटरमध्ये बंद दार उघडायला लागतं. तिथे माझी शंका कायम.

मेंटल_ब्लॉक
या शंकेवर उत्तर अजून त्याच्याकडेही नसेल.

लिबेरो_जुना
आणि आयाक्स? १७ सप्टेंबर, चॅम्पियन्स लीगमध्ये कोच म्हणून पहिली मॅच, तीही अॅमस्टरडॅमला. ०-२, थुरामचे दोन्ही गोल चाल्हानोग्लूच्या कॉर्नरवर हेडरने. चार दिवसांपूर्वी सेट पीसवर गोल खाल्लेल्या संघाने सेट पीसवर मॅच काढली. इतक्या कमी दिवसांत नवं काही बसवता येत नाही, कॉर्नर मात्र बसवता येतात. माझ्या मूळ प्रश्नाचं निदान एक उत्तर मला इथे दिसतं.

गोलपोस्ट_मागे
रुमानियाचे बाकी बचावपटूही घ्या की. दान पेत्रेस्कूने २००८-०९ ला उनिरिया उर्झिचेनी या चिमुकल्या गावाच्या क्लबला लीग जिंकून दिली. कोस्मिन कोन्त्रा २०१७ ते २०१९ राष्ट्रीय कोच. युरो २००० च्या एकाच बचावफळीतून तीन कोच.

सौ_ऑफसाइड
पेत्रेस्कूसाठी वेगळा धागा काढा, तो माणूस एका प्रतिसादात मावणार नाही. आणि इंटरचा पहिला रुमानियन कोच किवू नव्हे, १९९८-९९ च्या हंगामात मिर्चा लुचेस्कू होऊन गेले. त्या हंगामात इंटरने चार कोच बदलले.

तिफोसी_ठाणे
म्हणजे किवूला डिसेंबरपर्यंत तरी वेळ आहे.

डावा_पाय
पुढची मॅच बघणाऱ्यांसाठी एक काम. चेंडू इंटरकडून गेला की चेंडूकडे बघू नका, बास्तोनीकडे बघा. तो पुढे निघाला की लगेच मधल्या सेंटर बॅककडे, मग उजवीकडे डुम्फ्रीसकडे. तिघे एकाच वेळी हलले तर प्रेस बसतोय. डुम्फ्रीस वरच उभा राहिला तर पुढचा लांब पास त्याच्याच मागे पडणार. पहिल्या वीस मिनिटांत किती वेळा कोणती गोष्ट झाली ते इथे टाका, मग कातेनाच्यो यांच्याशी पुढे भांडू.

कातेनाच्यो
टाकतो. वीस नको, शेवटची वीस मिनिटं मोजा. दमल्यावरच खरं कळतं.